पहिलीचा प्रवेश: आधी एक पक्की जागा, मग बाकीच्या रांगा

मुलाला पहिलीत घालायचं असलं की बहुतेक घरांत शोध वरून खाली येतो. आधी नावाजलेली इंग्रजी शाळा, तिथे नाही जमलं तर तिच्याहून जरा कमी नावाची, मग घराजवळची. सगळीकडे दारं बंद झाली की जूनमध्ये नाइलाजाने जिल्हा परिषदेची, नाहीतर महापालिकेची. हा शोध खालून वर न्यावा.

कारण साधं आहे. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला घराजवळची सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जन्माचा दाखला नाही, मुदत उलटली, ही कारणंही चालत नाहीत. म्हणजे एक जागा तुमच्या पदरात आधीच पडलेली आहे. ती कशी आहे हे डिसेंबरमध्येच जाऊन बघितलं, तर जानेवारीपासून पुढे "आत्ता भरा, नाहीतर जागा जाईल" म्हणणाऱ्यासमोर हात आपोआप पाकिटाकडे जात नाही. आणि कधी कधी ती शाळा इतकी चांगली निघते की शोध तिथेच थांबतो.

आधी जन्मतारीख

महाराष्ट्रात पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात, नर्सरीसाठी ३. शैक्षणिक वर्ष २०२६-२७ च्या पहिलीसाठी ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जन्मलेलं मूल बसतं. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चला ६ पूर्ण हवीत. ऑगस्ट २०२० मध्ये जन्मलेलं मूल राज्याच्या नियमाने जून २०२६ ला पहिलीत जातं, केंद्रीय विद्यालयासाठी त्याला आणखी एक वर्ष थांबावं लागतं. दोन्हीकडे डोळा असेल तर हा फरक आधीच पकडा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल जूनमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचं असतं. नियमात बसतं म्हणून घालायलाच हवं असं नाही. पेन्सिल धरताना हात दुखतो, डबा संपत नाही, तासभर एका जागी बसवत नाही, अशा मुलाला एक वर्ष बालवाडीत काढू द्यावं. फक्त खाजगी शाळांतल्या २५ टक्के आरक्षित जागांसाठी अर्ज करणार असाल तर तिथे वयाला वरचीही मर्यादा असते. ती बघूनच थांबायचं ठरवा.

पगार कोण देतं ते विचारा

"सरकारी की खाजगी" हा प्रश्न फार ढोबळ आहे. शिक्षकाचा पगार कुठून येतो हे विचारलं की चित्र स्वच्छ होतं.

जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिकेच्या शाळेत पगार सरकारी, फी नाही, आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत आणि दुपारचं जेवणही. खाजगी अनुदानित शाळेत संस्था खाजगी, पण मान्य पदांचा पगार सरकार देतं, त्यामुळे फी नाममात्र. पुण्या-नाशकातल्या, दादर-गिरगावातल्या जुन्या मराठी शाळांपैकी पुष्कळ या वर्गातल्या. त्यांतल्या कित्येकांत आता सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्याखाली निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा सगळा खर्च फीमधून चालतो. "इंग्लिश मीडियम" म्हणून ज्यांची पाटी दिसते त्यांतल्या बहुतेक याच.

जागांची खरी मारामारी होते ती अनुदानित शाळांत, आणि तिथेच पालक फसतात. अनुदान पहिलीपासून असतं, शिशुवर्ग मात्र विनाअनुदानित. संस्था शिशुवर्ग वेगळा चालवते, त्याची फी घेते, आणि पहिलीच्या तुकड्या शिशुवर्गातूनच भरत येतात. मार्चमध्ये पहिलीचा अर्ज घेऊन गेलात तर उरलेल्या दोन-चार जागांसाठी झुंबड दिसते. अशी शाळा मनात असेल तर मूल तीन वर्षांचं होतानाच शिशुवर्गाच्या प्रवेशाची तारीख विचारून ठेवा. शिशुवर्गातून पहिलीत थेट घेतात की पुन्हा सोडत काढतात, हेही तेव्हाच विचारा.

मुंबईत आणखी एक रांग आहे. महापालिका आठ भाषांत शाळा चालवते. २०२० पासून तिने सीबीएसई, आयसीएसईच्या शाळाही सुरू केल्या, "मुंबई पब्लिक स्कूल" या नावाने त्या ओळखल्या जातात. फी नसल्याने तिथे अर्ज जागांहून कितीतरी जास्त येतात आणि सोडत निघते. सोडतीत नंबर लागेलच असं धरून बाकीचं काही थांबवू नका.

शाळा बघायला गेलात की तिसरीची वही मागा

इमारत, रंगवलेल्या भिंती, टीव्ही लावलेला वर्ग यांवरून फारसं कळत नाही. वह्यांवरून कळतं. पहिलीच्या नव्हे, तिसरीच्या वह्या मागा, कारण तिसरीपर्यंत मूल वाचायला लागलं नाही तर पुढचे सगळे विषय त्याच्या डोक्यावरून जातात. मुख्याध्यापकांना सांगा, मुलाला घालायचा विचार आहे, दोन-तीन मुलांच्या वह्या बघू द्या. जिथे काम चांगलं चालतं तिथे वह्या चटकन पुढे येतात.

वही उघडल्यावर तीन वह्यांतला एकच निबंध शेजारी ठेवा. "माझा आवडता सण" तिन्हींत शब्दश: सारखा असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे, मुलांनी लिहिलेला नाही. मग लाल शाई बघा. "दीवाळि" असं लिहिलेलं आहे आणि त्यावरच बरोबरची खूण आहे, म्हणजे वही तपासली गेली पण वाचली गेली नाही. चूक गोल करून मुलाने खाली शब्द पुन्हा लिहिला असेल तर त्या वर्गात शिकवलं जातंय. तारखा सलग आहेत का ते चाळा. मध्येच तीन आठवडे कोरे असतील तर विचारा. जिल्हा परिषदेत उत्तर बहुधा "मतदार यादीचं काम" किंवा "प्रशिक्षण" असं येतं. खाजगीत "मॅडम सोडून गेल्या, नव्या यायच्या होत्या". दोन्हींत नुकसान सारखंच.

गणिताच्या वहीत हातच्याची वजाबाकी शोधा. ५२ वजा २७ चं उत्तर २५. पानभर मुलांनी ३५ लिहिलं असेल, म्हणजे एककातही मोठ्यातून लहान वजा केलं असेल, तर दशक फोडणं कोणी दाखवलेलं नाही. एखाद्या मुलाची अशी चूक होणारच. सगळ्या वह्यांत तीच असेल तर ती वर्गाची.

इंग्रजी शाळेत एक गोष्ट जास्तीची करा. तिसरीतल्या मुलाला पाठ न केलेलं काहीतरी इंग्रजीत विचारा, काल शाळेतून घरी गेल्यावर काय केलंस, एवढंच. धडा घडाघडा म्हणणारं मूल इथे गप्प झालं तर घरी इंग्रजी नसलेल्या तुमच्या मुलाचं तिथे काय होईल याचा अंदाज येतो. मग शिकवणी लावावी लागते, आणि तो खर्च फीत धरलेला नसतो.

शिक्षकसंख्येचं गणितही करून या. कायद्याने पहिली ते पाचवीत ३० मुलांमागे एक शिक्षक, आणि शाळेत ६० मुलं असेपर्यंत दोन. पहिली ते चौथीची ४५ मुलांची शाळा म्हणजे दोन शिक्षक, प्रत्येकाकडे एकाच वेळी दोन इयत्ता. हे वाईटच असतं असं नाही. जम बसलेला शिक्षक दोन इयत्ता एकमेकींच्या मदतीने पुढे नेतो. पण त्यातला एक रजेवर गेला की चार इयत्ता एकाच खोलीत बसतात. खाजगी शाळेत प्रश्न उलटा असतो. एका तुकडीत किती मुलं आणि गेल्या वर्षी पहिली ते तिसरीला असलेल्या बाईंपैकी किती जणी यंदाही आहेत, एवढंच विचारा. उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच.

सरकारी शाळेत बदली हा मोठा मुद्दा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागायची. तिथे काम उभं करणारे दत्तात्रय वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या छोट्या शाळेत गेले, आणि २०२५ मध्ये त्या शाळेला जगातल्या सर्वोत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. शाळा चांगली म्हणजे पुष्कळदा त्या शाळेतला शिक्षक चांगला. म्हणून गावात विचारताना "शाळा कशी आहे" असं न विचारता "पहिलीला कोण आहेत, किती वर्षं झाली इथे, बदलीला पात्र आहेत का" असं विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांतल्या एखाद्या आईला गाठलंत तर पाच मिनिटांत सगळं कळतं.

जेवणाच्या सुट्टीतही एकदा जाऊन या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा दंडक आहे. खिचडीत डाळ दिसते की नुसता पिवळा भात, हे ताटात कळतं. हात धुवायला नळाला पाणी आहे का आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी लागते का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

२५ टक्के जागा: अर्ज कुठे बाद होतो

खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला यातून सूट देणारा बदल केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा "आमच्याकडे आरटीई नाही, शेजारी सरकारी शाळा आहे" असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेली मुलं, अनाथ मुलं यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन, विनाशुल्क, सोडत राज्यभराची एकत्र. अर्जात जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात आणि एक किलोमीटरच्या आतल्या शाळांना प्राधान्य. त्या-त्या वर्षीची सूचना अर्ज उघडण्याआधी पूर्ण वाचून घ्या, कारण कागदपत्रांचे आणि अंतराचे बारकावे तिथेच असतात.

सोडतीत नंबर लागूनही प्रवेश जातो तो पडताळणीत. पहिलं कारण नकाशावरची खूण. अर्जात घर नकाशावर दाखवावं लागतं, आणि अंतर त्याच खुणेपासून मोजलं जातं. सायबर कॅफेत बसून अंदाजाने लावलेली खूण शाळेच्या फाटकाजवळ पडली, तर पडताळणी समिती पत्ता बघून अर्ज बाद करते. आपल्या दारात उभं राहून मोबाइलवर ठिकाण बघा, जतन करा आणि तेच अर्जात टाका. मुद्दाम जवळची खूण लावण्याच्या भानगडीत पडू नका.

दुसरं कारण भाडेकरार. तो नोंदणीकृत हवा, किमान ११ महिन्यांचा, आणि अर्ज भरण्याआधीचा. नोटरी केलेला चालत नाही. रेशनकार्डावर गावचा पत्ता आणि राहणं शहरात, अशा घरांचे अर्ज इथेच अडकतात. सोडतीनंतर धावतपळत केलेला करार कामाचा नाही, म्हणून आदल्या दिवाळीतच नोंदणी करून घ्या. तिसरं कारण, जातीचा दाखला दुसऱ्या राज्याचा असणं. चौथं, घाईत दोन अर्ज भरणं. एक काकाने भरला, एक वडिलांनी, आणि दोन्ही बाद.

शाळा निवडताना प्रत्येक शाळेसमोर दाखवलेली जागांची संख्या बघा. दोन नामांकित शाळा टाकून थांबणारे पालक दरवर्षी प्रतीक्षा यादीत राहतात. पण जिथे पाठवणारच नाही अशी शाळा भरतीला म्हणूनही टाकू नका, कारण तिथे नंबर लागला आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत मुलाचा विचार होत नाही. मोबाइलवर येणाऱ्या संदेशावर विसंबू नका, अर्ज क्रमांक घेऊन संकेतस्थळावर स्वत: निकाल बघा.

ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीपासून पूर्ण फी, आणि तोवर मूल त्या शाळेत रुळलेलं असतं. गणवेश, वह्या-पुस्तकं शाळेने द्यावीत असा नियम आहे. प्रत्यक्षात सरकारकडून शाळांना मुलामागे वर्षाला मिळणारी रक्कम १७,६७० रुपयांच्या वर जात नाही आणि तीही थकते, मग शाळा पालकांकडे बोट दाखवतात. बस, सहली, स्नेहसंमेलन हे खर्च धरूनच ठेवा.

फी भरण्याआधी

फीचं पत्रक हातात आलं की एका वर्षाचा नव्हे, दहा वर्षांचा हिशेब करा. समजा फी ६०,०००, बस १८,०००, पुस्तकं ६,००० आणि गणवेश-बूट ४,०००. पहिल्या वर्षी ८८,०००. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर पहिली ते दहावीचे पावणेतेरा लाखांच्या आसपास होतात, एका मुलाचे. धाकटं घरात असेल तर दुप्पट. पाचवीत परवडेनासं होऊन शाळा बदलावी लागणं मुलाला फार जड जातं. त्यापेक्षा सुरुवातीलाच दहावीपर्यंत पेलेल अशी शाळा धरा.

खाजगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीच्या मान्यतेने ठरते आणि ती दोन वर्षं बदलता येत नाही. राज्याचा २०११ चा फी कायदा तसं सांगतो. मान्य झालेलं फीपत्रक मागा. देणगी घेणं आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं, दोन्ही बेकायदा. मुलाखतीसाठी पहिल्या वेळी २५,००० पर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत दंड आहे, देणगीसाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. तरी "विकास निधी" रोखीने मागितला जातो. पावती शाळेच्या नावाची, रक्कम चेकने किंवा ऑनलाइन, एवढा आग्रह धरलात की बोलण्याचा सूर बदलतो. खाजगी शाळा फी मागतात जानेवारीत आणि सोडती लागतात त्यानंतर. म्हणून प्रवेश रद्द केला तर किती रक्कम परत मिळेल हे लेखी घ्या, आणि पहिला हप्ता भरून थांबा.

मान्यता तपासायला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, विचारा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि तो टाकून शाळेचा पट, शिक्षक, इयत्ता सरकारी संकेतस्थळावर दिसतात. शाळा दहावीपर्यंत म्हणते आणि नोंद पाचवीपर्यंतचीच आहे, हे इथे उघडं पडतं. "सीबीएसई पॅटर्न" या शब्दांना काही अर्थ नाही. मंडळाचा संलग्नता क्रमांक असेल तरच ती सीबीएसई शाळा, नाहीतर राज्याच्या मान्यतेवर दुसरी पुस्तकं लावणारी शाळा. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी काढतो, पण ती बऱ्याचदा फी भरून झाल्यावर वर्तमानपत्रात येते. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, मुंबईत महापालिकेच्या शिक्षण विभागात, आधीच विचारून घ्या.

चौथीनंतरचं आत्ताच बघा

खेड्यातल्या पुष्कळ जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच असतात. पाचवीला मुलं कुठे जातात, किती लांब, एसटी वेळेवर आहे का, हे पहिलीला घालतानाच विचारा. मुलीच्या बाबतीत तर नक्कीच.

सहावीपासूनच्या नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा विचार असेल तर तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्यात बसायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली हवीत. तिसरीत शहरातल्या शाळेत नेलेलं मूल त्या वाट्यातून बाहेर पडतं. आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते. उत्तीर्ण होऊन यादीत आलेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला, घरची कितीही ओढाताण असो, ही परीक्षा देता येत नाही.

मधूनच शाळा बदलायची वेळ आली तर

खाजगीतून सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना जुनी शाळा थकलेल्या फीसाठी शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरते. दाखला उशिरा मिळतोय म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, किंवा तो लांबवू शकत नाही. वयाचा पुरावा घेऊन जा, प्रवेश घ्या, आणि दाखल्यासाठी जुन्या शाळेला लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. आठवडाभरात काही हललं नाही तर तीच प्रत घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, तोंडी तक्रारीचा तिथे उपयोग होत नाही. मुलाचं नाव यू-डायसवर जुन्या शाळेच्या यादीतून सुटलंय का, हे नव्या शाळेतल्या शिक्षकांना महिनाभराने पुन्हा विचारा. ते अडकलेलं असेल तर मूल वर्गात बसतं, पण नव्या शाळेच्या ऑनलाइन पटावर दिसत नाही.